दिवा आलं की उठव: फोनच्या अंदाजावर किती विसंबायचं?

प्रश्न थोडक्यात असा: 'मी भायखळ्याच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, राहायला डोंबिवलीला. ड्युटी फिरती. नाइट संपवून सकाळच्या डाऊन लोकलमध्ये बसलं की डोळा लागतो. गेल्या महिन्यात जाग आली ती थेट बदलापूरला. माझं स्टेशन जवळ आलं की फोन मला उठवेल का? वॉर्डात शिरले की आपोआप सायलेंट होईल का? घरी आई एकटी असते, ती ठीक आहे हे फोनवरून कळेल का? आणि फोनला एवढं सगळं कळतं, तर तो आपलं बोलणंही ऐकतो का?'

ताई, पहिल्या तिन्हींचं उत्तर 'हो, पण' असं आहे आणि चौथ्याचं 'बहुधा नाही, पण'. हा 'पण' नीट सांगायचा तर थोडं लांबण लागेल.

मी बरीच वर्षं मोबाइलची अ‍ॅप्स बनवतो, त्यातलीही बहुतेक अशीच, माणूस कुठे आहे, चालतोय की बसलाय, दिवस आहे की रात्र हे बघून आपणहून काहीतरी करणारी. आमच्या धंद्यात याला कॉन्टेक्स्ट-अवेअर सेवा म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण तुमच्या फोनमध्ये ती आधीपासून आहे. फोन कानाला लावला की स्क्रीन विझते, उन्हात गेलात की उजेड वाढतो, आडवा धरला की चित्र आडवं होतं, हा सगळा तोच प्रकार. फरक एवढाच की कानाजवळ काहीतरी आलं हे सेन्सर थेट मोजतो. 'ही बाई डोंबिवलीला उतरणार आहे' हे मोजणारा सेन्सर अजून कोणी बनवलेला नाही. तिथे फोन अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकतो. म्हणून कुठलंही काम फोनवर सोपवण्याआधी मी एकच विचारतो: हा चुकला तर कोणत्या बाजूला चुकेल, आणि ते मला किती महागात पडेल?

आधी लोकल. मागे एक स्टेशन-अलार्म बनवण्याचं काम आमच्याकडे आलं होतं. तेव्हा मी तीन फोन घेऊन ठाणे ते सीएसएमटी खेपा घालायचो. एक फोन खिडकीच्या गजाला टेकवलेला, दुसरा शर्टाच्या खिशात, तिसरा सॅकच्या तळाला, स्टीलच्या डब्याखाली. तिघांनाही घाटकोपरभोवती तीनशे मीटरचं वर्तुळ आखून दिलेलं, आत शिरलं की वाजायचं. खिडकीतला फोन गाडी फलाटाला लागताना वाजला. खिशातला वाजला तेव्हा गाडी सुटत होती. डब्याखालचा वाजला कुर्ल्याला. शेजारच्या काकांनी विचारलं, 'किती अलार्म लावता हो?' त्यांना काय सांगणार!

तिघांत एवढा फरक का पडला? जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटरवरून बोलतात. इथे पोचेपर्यंत त्यांचा आवाज इतका क्षीण झालेला असतो की डब्याचा पत्रा, माणसांची गर्दी आणि तुमचा पोळीभाजीचा डबा यांतून तो धड आत येत नाही. मग फोन मोबाइलच्या टॉवरांवरून आणि आसपासच्या वायफायवरून जागा ठरवतो, पण त्यात काहीशे मीटरची चूक सहज होते. दुसरं कारण बॅटरी. जीपीएस सतत चालू ठेवला तर दुपारपर्यंत फोन मान टाकेल, म्हणून फोनची सिस्टिमच प्रत्येक अ‍ॅपला रेशन लावते. अँड्रॉइड ८ पासून मागे चालणाऱ्या अ‍ॅपला तासाभरात मोजक्या वेळाच जागा कळते. वर्तुळात शिरल्याची वर्दी द्यायची वेगळी सोय आहे, पण तीही अशा वेळी सरासरी दोन-तीन मिनिटं उशिरा येते, आणि फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर सहा मिनिटांपर्यंत. हे गुपित नाही, अँड्रॉइडच्या तांत्रिक कागदपत्रांतच लिहिलेलं आहे. अलार्मच्या जाहिरातीत मात्र ते कोणी सांगत नाही.

आता हिशेब करा. फास्ट गाडी ताशी साठच्या वेगात असेल तर तीन मिनिटांत तीन किलोमीटर जाते. तुम्ही डोंबिवलीभोवती छोटंसं वर्तुळ आखलंत, तर तो वाजेल तेव्हा ठाकुर्ली मागे पडलेली असेल. म्हणून वर्तुळ उतरायच्या स्टेशनावर आखायचंच नाही. ते आधीच्या एखाद्या ठिकाणी आखायचं आणि मोठं आखायचं. तुमच्यासाठी डाऊनला दिवा स्टेशन, एक किलोमीटर त्रिज्येचं. तिथून डोंबिवलीला पाच-सहा किलोमीटर राहतात. वर्दी उशिरा आली तरी पर्स सावरून दाराशी यायला वेळ मिळेल. सकाळी अपला भायखळ्यासाठी दादर धरा. फास्ट गाडी दादरला थांबते, मग परळ, करी रोड, चिंचपोकळी सोडून थेट भायखळा. थांबलेल्या गाडीत फोनला जागा पकडायला बरा अवधी मिळतो. डाऊनला ठाणे का नको? कारण ठाण्यानंतर तुम्हाला अजून पाव तासाची झोप आहे, आणि अलार्म बंद करून माणूस पुन्हा झोपतो. माझा स्वतःचा अनुभव आहे, आणि मी काही नाइट ड्युटी करून आलेलो नसतो.

आणि याच्या जोडीला साधा घड्याळाचा गजर लावाच. हसू नका. गाडी नेमलेल्या वेळेच्या आधी सहसा पोचत नाही, बहुधा उशिराच पोचते. म्हणजे बसल्याबरोबर 'डोंबिवलीच्या वेळेआधी दहा मिनिटं' असा गजर लावला तर तो चुकलाच तर लवकर वाजून चुकेल. फार तर मुंब्र्याला उठवेल, तुम्ही शिव्या द्याल, संपलं. जागेवर चालणारा अलार्म उशिरा वाजून चुकतो, आणि त्याची किंमत तुम्ही बदलापूरला मोजलेली आहे. दोघांच्या चुका उलट्या दिशेच्या असल्यामुळे जोडीने ते उत्तम चालतात.

आणखी एक बारीक गोष्ट, जी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी अडकलेली आहे. काही अ‍ॅप्स अलार्म म्हणून वाजतात, काही नुसतं नोटिफिकेशन पाठवतात. वॉर्डात फोन सायलेंट केलात आणि निघताना विसरलात, तर दुसऱ्या प्रकारचं अ‍ॅप दिव्याला इमानेइतबारे वर्दी देईल, फक्त आवाज न करता. म्हणून आधी फोन सायलेंट करून घरी ते वाजवून बघा. शिवाय सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढा. स्वस्त फोनांत बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागची अ‍ॅप्स सर्रास मारली जातात, आणि मग लोक अ‍ॅपच्या नावाने बोटं मोडतात.

कोणतं अ‍ॅप, असंही विचाराल. लांबच्या गाडीसाठी मी 'व्हेअर इज माय ट्रेन' सांगतो. बंगळूरच्या मंडळींनी केलेलं हे अ‍ॅप २०१८ मध्ये गूगलने घेतलं. त्याची खुबी अशी की जीपीएस आणि इंटरनेट दोन्ही नसलं तरी डब्यातला फोन ज्या टॉवरांच्या टापूतून जातोय त्यांवरून ते गाडी कुठे आहे हे सांगतं, आणि उतरायच्या स्टेशनाआधी उठवायची सोयही त्यात आहे. घाटात, बोगद्यांच्या अधेमधे, रेंज येते-जाते अशा आपल्या प्रवासाला हे नेमकं जमतं. लोकलच्या छोट्या टप्प्यांसाठी मात्र वर सांगितलेली वर्तुळाची युक्तीच बरी.

निव्वळ जागेवर विसंबलं की काय होतं, याची आमची एक फजिती सांगतो. दादरच्या एका कपड्यांच्या दुकानासाठी आम्ही अ‍ॅप केलं होतं. दुकानाजवळ गिऱ्हाईक आलं की 'आज साड्यांवर सूट' असा संदेश जायचा. वर्तुळ शे-दीडशे मीटरचं, त्याहून लहान आखलं तर ते धड चालतच नाही. चाचण्या दुपारी केल्या, सगळं झकास. सोमवारी सकाळी मात्र सिग्नलला थांबलेल्या गाडीत लटकणाऱ्यांना, पुलावर चेंगरलेल्यांना, कामावर उशीर होत असलेल्या प्रत्येकाला आमची साडी. संध्याकाळी परतताना पुन्हा. एकाने लिहिलं होतं, 'पाय ठेवायला जागा नाही आणि तुम्ही साड्या दाखवताय?' आठवड्यात लोकांनी अ‍ॅप काढून टाकायला सुरुवात केली. जागा बरोबर होती हो, प्रसंग चुकीचा होता. मग आम्ही 'हा माणूस चालतोय का, आणि गेली काही मिनिटं याच टापूत रेंगाळतोय का' हे बघायला लागलो. फोनमधला हालचालीचा सेन्सर हे बऱ्यापैकी ओळखतो. गाडीत बसलेला आणि पायी चाललेला यांच्या हिसक्यांत फरक असतो. फक्त तो कारवाला आणि लोकलवाला यांत गल्लत करतो. 'तुम्ही गाडी चालवत आहात' असं समजून चौथ्या सीटवर अर्धे बसलेल्या माणसाचे कॉल अडवणारे फोन मी पाहिलेत.

या कल्पनेचं वय तीसच्या पुढे आहे. १९९० च्या सुमारास केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत कर्मचाऱ्यांच्या छातीवर एक बिल्ला लावत. तो दर पंधरा सेकंदांनी इन्फ्रारेडचा इशारा सोडायचा आणि टेलिफोन ऑपरेटरला माणूस ज्या खोलीत असेल तिथे फोन जोडून देता यायचा. कॉन्टेक्स्ट-अवेअर हा शब्द १९९४ मध्ये शिलिट आणि थायमर या दोघांच्या लेखातून रूढ झाला. पण बिल्ला टेबलावर काढून ठेवला तर माणूस टेबलावर आहे असंच यंत्र म्हणणार. आजचा फोनही तेच करतो. त्याला कळते ती फोनची जागा. तुमची नव्हे.

आता वॉर्ड. हॉस्पिटलच्या जागेवर आपोआप सायलेंट, असं लावू नका. त्यालाही तीच अडचण, जागा कळायला उशीर आणि काँक्रीटच्या इमारतीत जीपीएसची बोंब. वर तुमची ड्युटी फिरती. बरीच अ‍ॅप्स 'रात्री जिथे असता ते घर, दिवसा जिथे असता ते ऑफिस' असं धरून चालतात. तुम्ही आठवडाभर नाइट केलीत की हॉस्पिटल तुमचं घर ठरतं आणि डोंबिवली ऑफिस. मग सकाळी घरी येऊन पडलात की फोन 'कामावर जायला ट्रॅफिक कमी आहे' असं सांगून जागं करतो. नऊ ते पाच करणाऱ्याच्या दिनक्रमावर ही गणितं बसवलेली असतात. नर्स, वॉचमन, बेस्टचा कंडक्टर, मासळीवाली यांचा दिवस त्यात बसत नाही, आणि या शहरात अशी माणसं काही थोडीथोडकी नाहीत. माझ्या धंद्यावरचा माझा सगळ्यात मोठा राग हाच आहे.

त्यापेक्षा फोनला स्पष्ट खूण द्या. तुमच्या फोनमध्ये एनएफसी, म्हणजे नुसतं टेकवून खूण वाचायची सोय, असेल (स्वस्त फोनांत बहुधा नसतं) तर एनएफसीचा एक छोटा स्टिकर आणून तुमच्या लॉकरच्या दाराला आतून चिकटवा. ड्युटीवर चढताना फोन त्याला टेकवला की सायलेंट, निघताना टेकवला की पूर्ववत. आयफोनवर शॉर्टकट्स या अ‍ॅपमध्ये असले नियम लावता येतात, अँड्रॉइडवर मॅक्रोड्रॉइडसारखं अ‍ॅप लागतं. एनएफसी नसेल तर होम स्क्रीनवर एक बटण. अंदाज नाही, चूक नाही.

सायलेंट म्हणजेही सगळं बंद नको. 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये आईचा आणि शेजाऱ्यांचा नंबर अपवादात घाला, आणि पुन्हा-पुन्हा येणारा कॉल वाजू द्यायची सोय चालू करा. अँड्रॉइडवर त्याच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसरा कॉल आला तर तो वाजतो, आयफोनवर तीन मिनिटांत आला तर. घरच्यांना एकदा सांगून ठेवा, खरंच निकड असेल तर लागोपाठ दोनदा लावा. माणसाने मुद्दाम दिलेली ही खूण मला कुठल्याही सेन्सरहून भरवशाची वाटते.

फोन ऐकतो का? दिवसभर तुमचं बोलणं कुठेतरी पाठवत बसला असता तर बॅटरी आणि डेटा दोन्हींत ते दिसलं असतं. अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून माइक चालू असला की स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात ठिपका दिसतो, अँड्रॉइडवर हिरवा, आयफोनवर नारिंगी. तुम्ही कॉलवर नसताना तो दिसला तर चौकशी करा. पण खरं सांगू का, ऐकायची गरजच नसते. तुम्ही आणि तुमची मैत्रीण एकाच वायफायवर चहा प्यायलात, तिने त्याच दिवशी मिक्सर शोधला आणि संध्याकाळी तुम्हाला मिक्सरची जाहिरात आली, एवढं पुरतं. काळजी करायची असेल तर माइकहून जास्त लोकेशनची करा.

तिथेही माझा जुनाच प्रश्न, चुकलं तर किती महाग? अ‍ॅपने परवानगी मागितली की तीन गोष्टी बघायच्या: नेहमी की वापरतानाच, नेमकी जागा की अंदाजे, आणि मुळात कशाला. हवामानाच्या अ‍ॅपला अंदाजे पुरते. अँड्रॉइड १२ पासून ती सोय आहे आणि तिथे सुमारे तीन चौरस किलोमीटरचा टापू एवढंच कळतं. डोंबिवलीत पाऊस आहे हे सांगायला तुमची सोसायटी कळायची काय गरज? टॉर्चला काहीच द्यायचं नाही. स्टेशन-अलार्मला मात्र 'नेहमी' आणि 'नेमकी' दोन्ही द्यावीच लागतात, नाहीतर तो बंद स्क्रीनवर आंधळा होतो.

जाता जाता एका सेवेचं कौतुक करतो, जिला यातलं काहीच लागत नाही. २०२३ मध्ये सरकारने चाचणी घेतली तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते, आठवतं? ते सेल ब्रॉडकास्ट. टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनांना एकच संदेश ओरडून सांगतो. तुम्ही कोण, कुठे उभ्या आहात याची नोंद कुठेही होत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा अर्ध्या मुंबईला उरलेल्या मुंबईत काय चाललंय याचा पत्ता नव्हता. लोक ऑफिसातून निघाले आणि कमरेएवढ्या पाण्यात अडकले. तेव्हा हे हवं होतं. फोनच्या सेटिंगमध्ये आणीबाणीच्या सूचना असा पर्याय असतो. त्या दिवशी दचकून बंद केला असेल तर चालू करा.

राहिली आई. लोक मला पडल्याचं ओळखणाऱ्या घड्याळाबद्दल विचारतात. घड्याळ चांगलं आहे, पण मनगटावर असलं तर. आपल्याकडच्या बायका आंघोळीला जाताना ते काढून ठेवतात, आणि घसरायची जागा नेमकी न्हाणीघर. फोनवरून पडणं ओळखायचं तर फोन अंगावर हवा. माझ्या आईचा फोन देव्हाऱ्याच्या फळीवर असतो, फुलांच्या परडीशेजारी.

म्हणून आम्ही पडणं ओळखायचा नाद सोडला आणि सवय धरली. आई रोज सकाळी उठली की फोन चार्जिंगवरून काढते. तेवढा एकच प्रसंग धरून मला आपोआप मेसेज येतो. आयफोनवर हे शॉर्टकट्समध्ये जमतं, अँड्रॉइडवर मॅक्रोड्रॉइडसारखं अ‍ॅप लागतं. मेसेज आला म्हणजे आई उठली. साडेआठपर्यंत आला नाही तर मी विचारपूस करतो. कॅमेरा नाही, लोकेशन नाही, आणि आईला हे माहीत आहे, तिला विचारूनच लावलंय. तुम्हीही विचारूनच लावा. न सांगता लावलेलं कळलं की त्या फोन बंद करून कपाटात ठेवतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. एकदा बसून आणीबाणीच्या कॉलची सोयही त्यांच्याकडून करून घ्या. पॉवरचं बटण लागोपाठ दाबलं की ११२ ला कॉल लागतो. किती वेळा ते प्रत्येक फोनचं वेगळं असतं, सेटिंगमध्ये बघून ठेवा.

पहिल्याच महिन्यात एका सकाळी मेसेज आला नाही. कॉल लावला, बंद. मी दाढी अर्धी टाकून रिक्षा गाठली. दार आईनेच उघडलं. रात्री लाइट गेले होते, फोन चार्ज झालाच नव्हता, बंद पडला होता, आणि तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. अर्ध्या दाढीवर सबंध मजल्याने मला पाहून घेतलं. आता मेसेज आला नाही की मी आधी शेजारच्या काकूंना फोन करतो. त्या ओट्यापाशी उभ्या राहूनच खिडकीतून हाक मारतात, आणि मला मागून आईचा आवाज ऐकू येतो: 'आहे गं मी, त्याला सांग दूध तापतंय, नंतर करते.'